सुपरवायझर निवडताना वृत्ती पाहायची, म्हणजे नेमके काय पाहायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका तरुण मालकांना रात्रपाळीसाठी सुपरवायझर नेमायचा आहे आणि त्यांच्यासमोर दोन उमेदवार आहेत. पहिल्याकडे वस्त्रतंत्रज्ञानाची पदविका आणि अकरा वर्षांचा अनुभव आहे. पण तो तोडून बोलतो, आणि मुलाखतीला आला त्याच दिवशी त्याने शेडमधल्या दोन उणिवा मालकांच्या तोंडावर सांगितल्या. दुसरा त्यांच्याच कारखान्यात सहा वर्षे जॉबरच्या, म्हणजे मागांवरच्या मुकादमाच्या, हाताखाली आहे. दहावी झालेला, नम्र, दांडी न मारणारा आणि कोणत्याही कामाला "होय मालक" म्हणणारा. ज्ञान आणि कौशल्य शिकवता येते, वृत्ती शिकवता येत नाही, असे एका प्रशिक्षण वर्गात ऐकल्यापासून मालकांचा कल दुसऱ्याकडे आहे. हा कल बरोबर आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांत एकतीस वर्षे काढली. सुरुवातीची नऊ वर्षे विव्हिंग मास्टरच्या हाताखाली, पुढे उत्पादन व्यवस्थापक म्हणून, आणि आता चार-पाच कारखान्यांना माणसांची निवड व प्रशिक्षण याबाबत सल्ला देतो. या काळात मी स्वतः ज्या नेमणुका चुकवल्या, त्यांतील बहुतेक ज्ञान कमी पडल्यामुळे चुकल्या नाहीत, हे आधी मान्य करतो. त्यामुळे आपण ऐकलेले वाक्य खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. माझी हरकत आपण त्या वाक्यातील "वृत्ती" या शब्दाचा जो अर्थ लावला आहे त्याला आहे. नम्रता, हजेरी आणि होकार या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण रात्री अडीच वाजता सुपरवायझरकडून आपल्याला जे हवे असते ते या तिन्हींत नाही. कामावरची वृत्ती मला एकाच ठिकाणी खात्रीने दिसली आहे: आपल्या हातून चूक झाली आहे, ती अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही, आणि ती सांगायची की नाही हे त्या माणसाच्याच हाती आहे, अशा वेळी तो काय करतो त्यात.

आपल्याच मालावरून हे स्पष्ट करतो. टेरी लूमवर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि दुसरा पाईलचा, म्हणजे टॉवेलवरच्या वेटोळ्यांचा. पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, फणी थोड्या अंतरावर ठेवते आणि तिसऱ्या बाण्याला तिन्ही मिळून पुढे रेटते. त्या वेळी सैल सोडलेला पाईलचा ताणा वर उचलला जाऊन त्याचे वेटोळे होते. पाईलच्या बीमचा ताण बदलला की वेटोळ्याची उंची बदलते. कोऱ्या कापडावर हा फरक सहज दिसत नाही. विणकराच्या हाताला मात्र तो कळतो, कारण ताण बघायचा राहिला हे त्याला ठाऊक असते. इतरांना तो कळतो रंगाई झाल्यावर, टॉवेलवर आडवा पट्टा उमटला की. आणि तोवर त्या मालावर रंग, वाफ, पाणी आणि मजुरी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. विणकराला कळणे आणि तपासनिसाला कळणे यांच्या मधल्या दोन-तीन दिवसांत कारखान्याचा नफा किंवा तोटा ठरतो, आणि त्या दोन-तीन दिवसांवर कोणत्याही मालकाची नजर पोहोचत नाही.

एका रात्रपाळीला माझ्याकडचा एक विणकर लूम बंद करून केबिनमध्ये आला. तेलुगू घरातला, मराठी मोजकी, एरवी कोणाशी दोन शब्द न बोलणारा. म्हणाला, "अण्णा, पट्टा येणार हाय. बीम चढवताना ताण बघायचा राहिला, माझ्याच हातनं झालं." वीस-पंचवीस नगांवर ते प्रकरण थांबले. त्याच शेडमध्ये एक अतिशय गोड बोलणारा विणकर होता. कार्यालयातील प्रत्येकाला तो नावानिशी नमस्कार करी आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे निम्मी शेड रिकामी असते तेव्हाही, न सांगता कामावर येई. त्याच्या लूमचा असाच दोष आम्हाला शिलाई विभागात सापडला. तो त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता. या दोघांची वृत्ती मोजायला मला त्याआधी सांगितले असते, तर मी दुसऱ्यालाच जास्त गुण दिले असते, आणि तसे दिलेही होते. त्या वर्षीची पगारवाढ त्यालाच मिळाली होती.

येथवर वाचून आपल्याला वाटेल की, त्या पहिल्या विणकरासारखी माणसे शोधून आणावीत की प्रश्न सुटला. मलाही तसेच वाटले होते, आणि पुढची मोठी चूक मी त्याच समजुतीतून केली. दोष लपवले जातात, म्हणजे माणसांची नियत ढिली आहे, असे ठरवून मी एक नियम आणला: ज्या लूमवरचा माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, जाईल, त्या विणकराच्या नगावरच्या मजुरीतून कपात. दोन महिने दोषांची वही इतकी स्वच्छ राहिली की मी ती मालकांना अभिमानाने दाखवली. तिसऱ्या महिन्यात निर्यातीच्या एका लॉटची रंगाईनंतर तपासणी झाली आणि वहीत नसलेले सगळे दोष एकदमच समोर आले. त्यांतील काही नग केबिनमध्ये येऊन चूक सांगणाऱ्या त्या विणकराच्या लूमवरचे होते. मी त्याला बोलावले. त्याने खाली मान घालून इतकेच सांगितले की, घरी दोन पोरी शिकत आहेत आणि आठवड्याच्या पगारातून कापून घ्यायला त्याच्याजवळ काही नाही. ज्या माणसाच्या सचोटीची मी उदाहरणे देत असे, त्याला मी एका परिपत्रकाने गप्प केले होते. (असली कपात मनमानीने करताही येत नाही, १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडावर वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि नुकसानभरपाईपोटी कपात करण्याआधी कामगाराला बाजू मांडू देणे बंधनकारक केले होते, २०१९ च्या वेतन संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. मला तेव्हा हे माहीत नव्हते, हीसुद्धा ज्ञानाचीच उणीव.)

नियम मागे घेतला आणि त्याच्या जागी दुसरा आणला. कापड लूमवरून उतरण्याआधी दोष स्वतःहून सांगितला तर कपात नाही, आणि दुरुस्तीत गेलेल्या वेळेची मजुरी बुडणार नाही. वही पुन्हा भरू लागायला पाच-सहा महिने लागले. नियम एका दिवसात बदलता येतो, पण नियम खरा आहे यावर कामगाराचा विश्वास बसण्यासाठी त्याच्यादेखत चार जणांनी चूक सांगून सुखरूप बाहेर पडावे लागते.

मला पुढे कळले की हीच गोष्ट संशोधकांनी अगदी वेगळ्या ठिकाणी पाहिली होती. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटांत एकोपा चांगला आणि प्रमुखाचे वागणे मोकळे, तेथे औषधे देण्यातील चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका अधिक होत्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की, तेथे चुका जास्त होत नव्हत्या, तर जास्त सांगितल्या जात होत्या. आपल्या शेडमधील दोषांची वही कोरी असेल, तर तिचा आनंद मानण्यापूर्वी शिलाई विभागातील सेकंडचा ढीग एकदा पाहून यावा.

विणकामाच्या धंद्यातील माणसाला तर याचे याहून जवळचे उदाहरण आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, त्याचे एक वैशिष्ट्य म्हणजे धागा तुटला की तो आपोआप थांबत असे, आणि त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. पुढे मोटारी बनवणाऱ्या त्यांच्या घराण्याच्या कंपनीने हेच तत्त्व माणसांना लागू केले: कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढून कळवायचे, आणि तो वेळेत निस्तरला नाही तर अख्खी लाईन थांबते. दोरी ओढणाऱ्याला ओरडा बसत असता तर ती दोरी शोभेपुरती लोंबकळत राहिली असती. आपल्या शेडमध्ये दोरी नाही. तिचे काम रात्रपाळीच्या सुपरवायझरने करायचे आहे. तेव्हा तो वरच्याला "होय" किती गोड म्हणतो, यापेक्षा खालच्या माणसाला त्याच्याकडे वाईट बातमी घेऊन जाता येईल का, हे मी आधी पाहीन.

आता ज्ञानाकडे वळतो, कारण वृत्तीचे गोडवे गाणारे लोक येथे फार घाईने पुढे जातात. "वृत्ती पाहून माणूस घ्या, कौशल्य शिकवा" हे वाक्य अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्स आणि तिचे एक संस्थापक हर्ब केलेहर यांच्या नावाशी जोडले जाते. त्या कंपनीने प्रवाशांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांत विनोदबुद्धी शोधली, हे खरे. पण विमान चालवायला बसणाऱ्याला तेथेही परवाना लागतोच. किती ज्ञान शिकवता येईल आणि ते शिकेपर्यंत चूक परवडेल का, हे कामावर अवलंबून असते.

आमच्या डाईंगमध्ये एक मदतनीस होता. वृत्तीचे आदर्श उदाहरण द्यायचे झाले तर आजही त्याचेच देईन. एका रात्री मशीन उशिरा लागले, मास्टर घरी गेले होते, आणि वेळ भरून काढावा म्हणून या मुलाने सोडा ठरल्या वेळेआधी, तोही एकदम टाकला. सुती मालाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना रंग आणि मीठ आधी जाते. रंग धाग्यावर सगळीकडे सारखा चढला की मग सोडा हळूहळू सोडायचा असतो, कारण सोडा पडला की रंगाची धाग्याशी रासायनिक गाठ बसते आणि ती धुण्याने सुटत नाही. सोडा लवकर गेला तर रंग जेथे आधी टेकला तेथेच घट्ट बसतो. सकाळी दोनशे किलो टॉवेल चट्ट्याचट्ट्यांचे निघाले, फिकट आकाशी रंगाचे. त्याने काही लपवले नाही, डोळ्यांत पाणी आणून स्वतःच सांगितले, आणि तो सगळा माल आम्ही नेव्ही ब्लूमध्ये बुडवून पडेल भावाने काढला. सोडा एकदम का टाकू नये हे त्याला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. फक्त "नंतर टाक" असे सांगितले होते. उत्साही माणसाला अर्धवट ज्ञान देणे हे आळशी माणसाला ते देण्यापेक्षा महाग पडते, कारण आळशी माणूस निदान हात लावत नाही.

कर्मचारी निवडीवरचे संशोधनही ज्ञानाला बाजूला सारत नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हिशेब नव्याने तपासून बरेच आकडे खाली आणले. तपशिलात दोघांचे मतभेद आहेत, पण आपल्या कामाच्या तीन गोष्टींवर एकमत आहे. उमेदवाराला प्रत्यक्ष कामाचा नमुना करायला लावणे, आणि सर्वांना ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणे, या पद्धती पुढील कामगिरीचा बऱ्यापैकी अंदाज देतात. कामाच्या ज्ञानाची परीक्षाही देते. अनुभवाची नुसती वर्षे मात्र फार थोडे सांगतात. म्हणून पहिल्या उमेदवाराच्या अकरा वर्षांनी आपण जसे दबून जाऊ नये, तसे दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या हजेरीपटानेही भारावून जाऊ नये.

"तुमची चूक झाली तर तुम्ही काय कराल?" असे मुलाखतीत विचारून वृत्ती कळेल, असे समजू नये. माणूस काय म्हणतो आणि काय करतो यांत किती अंतर असते, हे रिचर्ड लापिअर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवून दिले. चिनी लोकांविषयी उघड आकस असलेल्या त्या काळात तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडला. २५० हून अधिक हॉटेले आणि खाणावळींत ते गेले आणि नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का, असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हटले. तेथे बोलणे वाईट आणि वागणे बरे निघाले. नोकरीच्या मुलाखतीत बहुधा याच्या उलट होते.

आणखी एक धोका सांगतो, तो आपल्या गावाच्या इतिहासातला आहे. सोलापूरची जुनी मिल १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी दशके या देशातील गिरण्यांत माणूस लावणे हे जॉबरच्या हातात असे. जॉबर परीक्षा घेत नसे, "आपला माणूस" पाहत असे: ओळखीचा, गावचा, ऐकणारा. त्यातून लाचखोरी आणि वशिला इतका बोकाळला की, कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. आज आपण "वृत्ती चांगली आहे" म्हणतो तेव्हा त्या शब्दाआडून पुष्कळदा तोच जॉबर बोलत असतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा ज्या शेडमध्ये चालतात, तेथे मालकांच्या भाषेत सफाईने बोलणारा माणूस सालस वाटतो आणि अडखळत, तोडून बोलणारा उद्धट वाटतो. आपला पहिला उमेदवार कोणत्या भाषेच्या घरातला आहे, हे आपण लिहिलेले नाही. पण ही शंका स्वतःला एकदा विचारून पाहावी.

आता आपण काय करावे ते सांगतो. दोघांनाही वेगवेगळ्या रात्री, पूर्ण पगार देऊन, एकेक पाळी शेडमध्ये सोपवावी. विव्हिंग मास्टरांना सांगून एका लूमच्या पाईलचा ताण थोडा बिघडवून ठेवावा. ते लूम कोणते, हे उमेदवाराला सांगू नये. ताण बिघडल्याचे ओळखणे आणि तो दुरुस्त करणे हा ज्ञानाचा भाग झाला, त्याचे गुण वेगळे धरावेत. त्याच रात्री एखाद्या जुन्या, विश्वासातल्या विणकराला आधी सांगून ठेवून उमेदवाराकडे चूक कबूल करायला पाठवावे, आणि उमेदवाराचा पहिला प्रश्न कोणता येतो ते ऐकायला सांगावे. "कोणी केलं?" हा पहिला प्रश्न आला की "किती नग गेले?" हा आला, याला मी फार महत्त्व देतो. सकाळी पाळीचा हिशेब लिहून मागावा. त्यात त्याच्या स्वतःच्या हातून राहिलेले काही लिहिलेले आहे का, हे पाहावे. आठ तासांच्या पाळीत काहीही राहत नाही असे होत नाही. शेवटी, मागील नोकरीतील त्याच्या हाताखालच्या दोन माणसांशी बोलावे. वरिष्ठ काय सांगतात त्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, आणि चहाच्या गाड्यावर दहा मिनिटांत कळते. रंगाई किंवा बॉयलर त्याच्या ताब्यात जाणार असेल, तर ज्ञानाच्या भागात नापास झालेल्याला वृत्तीचे गुण कितीही असले तरी त्या पाळीवर बसवू नये.

आपण दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज विचाराल तर, तो आपल्या कलाच्या विरुद्ध आहे. नोकरी मिळायची असताना, मालकांच्या तोंडावर, ज्याला शेडमधील उणिवा सांगता आल्या, त्याने आपल्याला हवी असलेली गोष्ट मुलाखतीतच करून दाखवली आहे. त्या दोन उणिवा खऱ्या होत्या का, हे आपण लिहिलेले नाही. खऱ्या असतील तर त्याचे ज्ञानही तेथेच तपासून झाले. माझी काळजी एवढीच की, वरच्यांना स्पष्ट बोलणारा माणूस कधीकधी खालच्यांना तोडतो, आणि मग त्याच्याकडे बातमी येत नाही. चाचणीच्या रात्री नेमके हेच पाहायचे आहे. दुसऱ्या मुलाने सहा वर्षांत आपल्याला एकदाही "नाही मालक, हे असे जमणार नाही" म्हटले नसेल, तर त्याला काही दिसत नाही की दिसूनही बोलायची सोय नाही, याचा शोध घ्यावा. दुसरे कारण असेल, तर तो दोष त्याचा नाही.

निवड पहिल्याची झाली, तर नेमणुकीचे पत्र देण्याआधी या मुलाला केबिनमध्ये बोलावून आपण स्वतः सांगावे. शेडमधून त्याच्या कानावर जाऊ देऊ नये. त्याला कोठे गुण कमी पडले हे चाचणीचा कागद समोर ठेवून दाखवावे आणि तीन महिने डाईंग मास्टरांच्या हाताखाली पाठवावे. मास्टरांना मात्र आधीच बजावून ठेवावे की, सोडा नंतर टाकायचा एवढेच न सांगता तो नंतर का टाकायचा, हेही त्याला सांगायचे.